आते हप्ता कोन भरी?

पडद्यावर दिसणारी ही हळदीची मिरवणूक जळगाव जिल्ह्यातल्या एका गावची आहे. पुढे ध्वनिक्षेपकांची भिंत लादलेली गाडी, तिच्यावर की-बोर्ड आणि इलेक्ट्रिक गिटार, आणि सगळ्यांच्या मागे हळदीने पिवळा झालेला नवरदेव, ज्याच्याकडे गेल्या तासाभरात कुणी वळूनही पाहिलेले नाही. गिटार या गावात पोहोचली ती अशी, रॉकची बंडखोरी वाटेतच कुठेतरी उतरवून.

त्या बंडखोरीचीही गंमत आहे. १९६४ साली लंडनच्या हॅरो भागातल्या एका पबमध्ये ‘द हू’ या वाद्यवृंदाच्या पीट टाउनशेंड यांची गिटार बुटक्या छताला लागून मोडली. चिडून त्यांनी तिचे पुरते तुकडे केले, आणि पुढे ही मोडतोड त्यांच्या कार्यक्रमाचा भागच होऊन बसली. अपघाताची प्रथा व्हायला तिकडेही फार वेळ लागत नाही. आमच्याकडे खंडेनवमीला वाद्यांना हार घातले जातात, इथे कुणी भर मांडवात गिटार आपटली असती, तर अहिराणीत पहिला प्रश्न आला असता, “आते हप्ता कोन भरी?”

आवाज मात्र आम्ही मनापासून घेतला. १९७६ साली लंडनमध्येच याच वाद्यवृंदाचा आवाज ३२ मीटर अंतरावर १२६ डेसिबल भरला आणि गिनेसने तो विक्रम म्हणून नोंदवला. पुढे लोकांचे कान जाऊ नयेत म्हणून ती नोंद घेणेच बंद झाले, आणि टाउनशेंड यांनीही आपल्या अधू झालेल्या कानांविषयी जाहीरपणे सांगितले. भारतातल्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. या गाडीचा जनरेटर सुरू झाला की ती गाणे लागण्याआधीच ओलांडली जाते.

पण रॉक मोठ्याने वाजत होते, कारण त्याला कुणावर तरी ओरडायचे होते. १९८५ साली अमेरिकी सिनेटच्या समितीने गाण्यांच्या शब्दांवर सुनावणी घेतली, रॉक संगीतकार फ्रँक झप्पा तिथे जाऊन भांडले, तरीही ध्वनिमुद्रिकांवर पालकांना सावध करणाऱ्या चिठ्ठ्या लागल्याच. शब्दांची भीती वाटणे हा, एका अर्थाने, शब्दांचा मानच. या मिरवणुकीला तसली चिठ्ठी लागत नाही, कारण शब्द कुणाला ऐकूच येत नाहीत. आणि आले असते, तरी त्यांत कापसाचा पडलेला भाव नाही की वादळात आडवी झालेली केळीची बाग नाही.

तक्रारीचे गाणे खान्देशाला नवे नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी अक्षरओळख नसताना माणसाच्या हावरेपणाला खडे बोल सुनावून गेल्या, तेही घरकाम आणि शेतकाम करता करता. आजही आत मांडवात बायका विहिणीच्या मानपानाची भर सभेत चेष्टा करणारी गाणी म्हणत आहेत. ती टिपण्याचा प्रयत्न आम्ही तीनदा केला. तिन्ही वेळा बाहेरच्या गाडीचा ठेकाच मुद्रित झाला. रात्री दहाला गाडी बंद झाली, तेव्हा माइक घेऊन आम्ही पुन्हा आत गेलो. आजीबाईंनी खुणेनेच सांगितले की घसा बसला आहे.