काढलेलं 'यू' परत का आणावं लागलं

स्क्रीनवर एक छोटी ओळ आहे बघा. प्रिंट, मग स्पेस, मग अवतरण चिन्हात हॅलो. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या २.७ आवृत्तीवर ही ओळ मुकाट चालते. हीच फाइल पायथन ३ ला द्या, सिंटॅक्स एरर, म्हणजे लिहिण्याच्या नियमात चूक. प्रिंट आता फंक्शन झालंय, त्याला कंस लागतात.

यावरून लोक वर्षानुवर्षं भांडले, पण खरं सांगायचं तर प्रिंटचा त्रास फार नव्हता, कंस घालायचं काम एखादी स्क्रिप्ट पण करते. दुखणं दुसरीकडे होतं. पायथन २ मध्ये साधी स्ट्रिंग, म्हणजे अवतरणातला मजकूर, म्हणजे नुसते बाइट्स, आणि युनिकोड, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्या चालणारा मजकूर, हवं असेल तर अवतरणाच्या आधी 'यू' लावायचा. दोन्ही प्रकार एकत्र जोडले की पायथन स्वतःच ते बाइट्स अॅस्की, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरांचा जुना संच, आहेत असं धरून बदलून घ्यायचं, त्यामुळे इंग्रजी नावं टाकून टेस्ट केलं की सगळं मस्त, आणि ज्या दिवशी कोणीतरी देवनागरीत नाव टाकेल त्या दिवशी प्रोग्राम आडवा. चूक लिहिली कधी आणि फुटली कधी, काही मेळच नाही. हे साफ करायलाच हवं होतं, या बाबतीत मी पूर्णपणे पायथनवाल्यांच्या बाजूने आहे.

३ डिसेंबर २००८ ला पायथन ३.० आलं. टेक्स्ट वेगळं, बाइट्स वेगळे, परस्पर अदलाबदल बंद. आणि या साफसफाईत ते 'यू' पण गेलं, कारण आता सगळ्याच स्ट्रिंग युनिकोड, मग 'यू' ठेवायचा कशाला. कागदावर अगदी बरोबर.

आता लायब्ररी, म्हणजे इतरांनी आपल्या प्रोग्राममध्ये वापरायचा तयार कोड, लिहिणाऱ्याच्या खुर्चीत बसून बघा. काही युजर २ वर, काही ३ वर, आणि कोणालाच सोडायचं नाहीये. २ साठी 'यू' पाहिजे, ३ मध्ये 'यू' दिसला की फाइल वाचायलाच नकार. टू-टू-थ्री नावाचं टूल होतं, जुना कोड आत घालायचा नवा बाहेर काढायचा, पण ते जाणार एकाच दिशेने, आणि ज्याला दोन्हीकडे चालायचंय त्याने प्रत्येक बदलानंतर परत तेच करायचं का? मग लोकांनी सिक्स नावाची लायब्ररी धरली, दोन गुणिले तीन म्हणून सिक्स, आणि जिथे एक अक्षर पुरत होतं तिथे फंक्शन कॉल लिहीत बसले.

शेवटी सप्टेंबर २०१२ मध्ये, ३.३ मध्ये, 'यू' परत आला. त्याला अर्थ काहीच नाही, लावा नाहीतर नका लावू, स्ट्रिंग तीच. फक्त जुना कोड जसाच्या तसा वाचला जावा म्हणून. मला हा निर्णय मनापासून आवडतो, कारण भाषा थोडी कमी सुंदर झाली तरी चालेल पण हे ओझं आम्ही घेतो, असं त्यात आहे. ज्यांनी तो 'यू' लिहिला होता त्यांनी काही चूक केली नव्हती, त्या वेळचं डॉक्युमेंटेशन वाचूनच लिहिला होता ना. २.७ चा सपोर्ट पण २०१५ ला संपणार होता, तो २०२० पर्यंत वाढवला.

ब्राउझरमध्ये चालणाऱ्या जावास्क्रिप्ट या भाषेला तर इतकी पण मोकळीक नाही. वेबसाइट बनवणारा केव्हाच सोडून गेलेला असतो आणि ब्राउझर मात्र आपोआप अपडेट होतो. २०१८ मध्ये अॅरेला, म्हणजे यादीला, फ्लॅटन नावाची नवी मेथड, म्हणजे तिच्यावर चालणारं फंक्शन, द्यायची होती, पण मूटूल्स ही जुनी लायब्ररी याच नावाची मेथड स्वतः अॅरेवर चिकटवायची आणि मग अॅरेवरच्या मेथड एकेक करून दुसरीकडे कॉपी करायची. ब्राउझरने ते नाव आधीच घेतलं की त्या मोजणीत ते दिसायचंच नाही, कॉपी व्हायचंच राहायचं, साइट मोडायची. म्हणून नाव बदललं, आज आपण फ्लॅट लिहितो ते त्यामुळे. मूटूल्स तोवर जुनी झाली होती, तरी तिच्यावर उभ्या साइट्स चालू होत्या, आणि त्या बघणाऱ्या माणसाला मूटूल्स म्हणजे काय हे माहीत असायचं कारण पण नाही.

रस्ट या भाषेवाल्यांनी यातून वेगळी वाट काढली, एडिशन, म्हणजे भाषेच्या नियमांची वर्षागणिक आवृत्ती. प्रत्येक क्रेट, म्हणजे रस्टमधलं कोडचं पॅकेज, आपल्या कार्गो फाइलमध्ये, म्हणजे पॅकेजची माहिती असलेल्या फाइलमध्ये, एका ओळीत सांगतं की मी कोणत्या एडिशनचं, उदाहरणार्थ २०१५ चं की २०१८ चं, आणि कंपायलर दोन्ही नियम ओळखतो, एकाच प्रोग्राममध्ये दोन्ही क्रेट शेजारीशेजारी नांदतात, कोणी कोणासाठी थांबत नाही. २०१८ च्या एडिशनमध्ये असिंक हा राखीव शब्द झाला, म्हणजे नाव म्हणून तो सरळ वापरता येत नाही. एखाद्या जुन्या क्रेटमध्ये असिंक नावाचंच फंक्शन असेल तर ते तसंच राहतं, आणि नव्या कोडमधून त्याला बोलवायचं असेल तर नावाआधी आर आणि हॅश लावायचा, की चाललं.