चारशे घोडे, चार थालीपीठं

(बडोद्यातल्या वासंतिक व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर माझा विषय छापलाय ‘ताकदवान स्पोर्ट्स कारसाठी जास्त पकडीच्या टायरची निवड’, आणि त्याखाली ‘सर्वांसाठी खुले’. मला कुतूहल आहे. या सभागृहात तीनशे हॉर्सपॉवरच्या वरची गाडी कुणाकडे आहे? हात वर करा. एक. तो माझा भाचा आहे. त्याला मी पुरावा म्हणून आणलाय.

बाकीच्यांनी उठू नका. गेल्या वर्षी याच खुर्च्यांवर बसून मी ‘ज्ञानेश्वरीतील उपमा’ दोन तास ऐकल्यात. परतफेड करा.

तसा विषय आपल्या गावाला परका नाही. वाघोडिया रस्त्यानं गेलात की लिमड्याला अपोलोचा कारखाना, हालोलकडे वळलात की सिएटचा. मध्ये आपण, सेव-उसळ खात. देशातले किती तरी टायर आपल्या अंगणात भाजले जातात, आणि बडोदेकर टायरच्या दुकानात जाऊन विचारतो काय? ‘किती चालणार?’ रबराच्या प्रयोगशाळेत माझी ३१ वर्षं गेली. नातेवाइकांनी मला टायरबद्दल हा एकच प्रश्न विचारला. कापडाच्या दुकानात आपण पोत बघतो, तांदूळ घेताना दाणा दाताखाली धरतो, आणि जी वस्तू पोराबाळांना घेऊन शंभरच्या वेगानं पळते ती घेताना फक्त विचारतो, किती चालणार. स्कूटरला ठीक आहे. चारशे घोड्यांच्या गाडीला हा प्रश्न विचारणं म्हणजे भालाफेकीच्या खेळाडूला विचारणं, की तुमची चप्पल किती वर्षं टिकते?

दुसरी तक्रार लग्नाच्या पंगतीतली. भाच्यानं फोर्डची मस्टँग घेतली, सेकंडहँड. पाच लिटरचं इंजिन, आठ सिलिंडर, चारशेच्या आसपास घोडे. पंगतीत जो तो विचारतो, टॉप स्पीड किती, सायलेन्सर बदललास का, केवढ्याला पडली. वाढपीसुद्धा श्रीखंडाचं भांडं हातात धरून आवाजाबद्दल विचारून गेला. पण खाली वाकून टायरवर काय लिहिलंय ते वाचणारा एक माणूस मला त्या मांडवात भेटला नाही. मी वाकलो होतो. कमरेत उसण भरली, ती वेगळी गोष्ट.

आता एक हिशेब. गाडी माणसांसकट १८०० किलो धरा. एका चाकावर ४५० किलो. टायरमधली हवा ३६ पीएसआय, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण अडीच किलो. भागाकार करा, १८० चौरस सेंटिमीटर. एका टायरचा रस्त्याला टेकणारा भाग एवढाच. पंधरा सेंटिमीटर व्यासाचं थालीपीठ घ्या, तेवढंच. आईनं डब्यात द्यायला छोटी थापलेली असतात ना, तशी चार थालीपीठं. चारशे घोडे रस्त्याला धरून असतात ते तेवढ्यावर. ब्रेक तेवढ्यावर, वळण तेवढ्यावर, तुमचा विमा, तुमची आई, सगळं तेवढ्यावर.

भाचा म्हणाला, ‘मामा, मग रुंद टायर घातला की थालीपीठ मोठं होईल.’ नाही होत. वजन तेच, हवेचा दाब तोच, तर क्षेत्रफळ जवळपास तेवढंच राहतं, आकार तेवढा बदलतो. रुंद टायरचं थालीपीठ आडवं आणि आखूड. वळणावर त्याचा फायदा आहे. पाण्यात नाही. त्याकडे येतोच.

(इथे वक्त्यांनी खिशातून दोन काळे चेंडू काढले.)

हे दोन्ही रबराचे. आकार एक, रंग एक, वजनाला जवळपास सारखे. हा टाकतो. बघा, कमरेपर्यंत आला. आता हा दुसरा. ठप्. मेला तिथंच. पहिल्या रांगेतल्या आजोबा, उचलून द्या जरा. धन्यवाद. माझ्या नातीला पहिला हवा असतो. पण टायरला दुसरा लागतो. पहिला चेंडू जमिनीनं दिलेली ऊर्जा परत करतो. दुसरा गिळतो आणि तिची उष्णता करतो. डांबरी रस्ता आपल्याला सपाट दिसतो, पण रबराला तो खडबडीत, जात्याच्या टाकी लावलेल्या दगडासारखा. रबर त्या टोकाटोकांवर दबतं आणि सुटतं. जे पटकन परत उसळतं ते टोकावरून घसरून जातं. जे आळसानं, कुरकुरत परत येतं ते टोकाला धरून बसतं. पकडीचा मोठा भाग म्हणजे हा आळस. उरलेला भाग रबर आणि दगड रेणूंच्या पातळीवर एकमेकांना चिकटतात त्याचा, आणि मध्ये पाण्याचा थर आला की पहिला बळी त्याचाच जातो.

म्हणून चिकट टायर लवकर झिजतो, पेट्रोल जास्त खातो आणि तापतो. या तिन्ही तक्रारी घेऊन दुकानात भांडायला जाऊ नका, पकडीचीच ती किंमत आहे. आणि हा मेलेला चेंडू मी घरी गरम पाण्यात बुडवून ठेवतो ना, तेव्हा तोसुद्धा उड्या मारायला लागतो. म्हणजे प्रत्येक रबराला आपलं एक तापमान असतं. खाली गेलं की कडक, फार वर गेलं की आळस संपला.

रबराला हे सगळं शिकवायला वेळ लागला, बरं का. चार्ल्स गुडइयरला १८३९मध्ये गंधक घालून रबर भाजायची युक्ती सापडली, आणि १८६०मध्ये तो गेला तेव्हा डोक्यावर कर्ज होतं. त्याच्या नावाची कंपनी १८९८ची, तिच्याशी त्याचा वा घरच्यांचा संबंध नाही. हवेच्या टायरचं पेटंट थॉमसन नावाच्या माणसानं १८४५मध्ये घेतलं, ते लोक विसरले. मग १८८८मध्ये बेलफास्टमध्ये डनलॉप या गुरांच्या डॉक्टरनं पोराच्या तीनचाकीसाठी तेच पुन्हा केलं आणि नाव त्याचं झालं. गुरांचे डॉक्टर कुणी आलेत का? उगीच विचारलं.

आता भाच्याची गोष्ट. परवानगी घेतलेली आहे. तो मान खाली घालून बसलाय ते सोडा.

गाडी घेतली तेव्हा तिच्यावर आधीच्या मालकाचे टायर होते. तो हौशी, गाडी कोइंबतूरच्या ट्रॅकवर नेणारा. टायर असे, की मे महिन्यात बोटानं दाबले तर ठसा उमटेल असं वाटावं. खाचा कमी, सगळं कसं भरीव. भाचा खूश. वाघोडिया रस्त्याच्या वळणावर गाडी रुळावरून गेल्यासारखी जायची. मला म्हणाला, ‘मामा, सगळ्यात भारी टायर आहेत, दोनशेचे.’ दोनशे म्हणजे काय ते सांगतो, पण आधी जुलै.

जुलैत अहमदाबादला साखरपुडा होता. एक्स्प्रेसवेनं निघालो. ९३ किलोमीटरचा रस्ता, सरळसोट. मी शेजारी, मांडीवर दोन किलो लीलो चेवडा, कारण बडोद्याहून रिकाम्या हातानं गेलं तर अहमदाबादकर बोलून दाखवतात. आणंद गेलं आणि वरून ओतायला लागलं. विश्वामित्री नदीतल्या मगरींनी सुट्टी काढून यावं असा पाऊस. भाच्यानं वेग कमी केला, हे मी त्याच्या बाजूनं सांगतो. नव्वद होता. पुढं रस्त्याच्या सखल भागात पाणी साचलेलं. आत शिरलो आणि सगळ्यात आधी आवाज गेला. टायरची जी सतत घरघर असते ती बंद. मग स्टेअरिंग. उत्तरायणात आपला पतंग कापला गेला की बोटातला मांजा कसा एकाएकी सैल पडतो? पतंग अजून दिसतोय आकाशात, पण हातात काही नाही. तस्सं. इंजिनचा आवाज मात्र चढला, कारण मागची चाकं पाण्यावर मोकळी फिरत होती.

गाडी फिरली. वेगात नाही, सावकाश, प्रदक्षिणेला निघाल्यासारखी. मी अहमदाबाद पाहिलं, मग शेत, मग एक ट्रकवाला, त्याचा उघडा जबडा, मग बडोदं. थांबलो तेव्हा तोंड घराकडे होतं. गाडीला ओरखडा नाही. चेवडा मात्र डब्यात नव्हता. दिवाळीपर्यंत एसीच्या जाळीतून बेदाणे निघत होते. भाचा दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवून म्हणाला, ‘मामा, पण टायर तर सगळ्यात भारी आहेत.’

हे वाक्य मला झोपू देत नाही. भारी आहेत, पण कुठल्या दिवसासाठी? कोरड्या दिवसासाठी, तापलेल्या रस्त्यावर, तेही नवे असताना. मी खाली उतरून पावसात वाकलो. मागच्या खाचा जेमतेम तीन मिलिमीटर. विमानांच्या टायरवरून नासाच्या लोकांनी एक नियम काढलाय. दाबाच्या पीएसआयचं वर्गमूळ काढा, नऊनं गुणा, उत्तर नॉटमध्ये. ३६चं वर्गमूळ सहा, सहा नवे चोपन्न. चोपन्न नॉट म्हणजे ताशी १०० किलोमीटर. खाचांना पाणी बाहेर टाकता आलं नाही, तर साधारण त्या वेगाला टायर रस्ता सोडतो आणि पाण्यावर चालायला लागतो. दाब कमी असेल तर त्याआधी. टायर रुंद आणि झिजलेला असेल तर आणखी आधी. आम्ही नव्वदवर होतो. घाबरायचं कारण नियमातच लिहिलेलं होतं.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी तीस वर्षं घरच्यांना सांगतोय: टायर आषाढासाठी निवडायचा. वैशाखात कुठलाही चांगला टायर…

(चिटणिसांनी चिठ्ठी दिली.)

‘दहा मिनिटं.’ अहो, निवड अजून सुरूच केलेली नाही! बरं. चहा गार होतोय असंही लिहिलंय. भराभर घेतो, लिहून घ्यायचं असेल तर घ्या.

टायरच्या कडेवर ‘ट्रेडवेअर’ म्हणून आकडा असतो. ही अमेरिकन पद्धत. टेक्ससमधल्या रस्त्यांवर ७,२०० मैल टायर पळवतात, एका ठरावीक टायरशी झीज ताडून बघतात. शंभर म्हणजे त्या टायरएवढी आयुष्याची अपेक्षा, दोनशे म्हणजे दुप्पट. पण आकडा कंपनी स्वतःच देते. मुलानं स्वतःची प्रगतिपुस्तिका स्वतः भरावी तसं. अमेरिकेतल्या बऱ्याच हौशी स्पर्धांत दोनशेच्या खालचा टायर चालत नाही, म्हणून रस्त्याचे बरेचसे चिकट टायर बरोब्बर दोनशेवर येऊन बसलेत. ब्रिजस्टोनचा पोटेंझा आरई-७१आरएस, योकोहामाचा ॲडव्हान ए०५२. दोघांवरही २००. म्हणून दोघे सारखे झिजतील असं समजू नका.

त्याहून पुढचे म्हणजे मिशेलिनचा पायलट स्पोर्ट कप २, पिरेलीचा ट्रोफेओ आर. रस्त्यावर चालवायला परवानगी, पण जीव ट्रॅकवर. महिन्यातून एकदा नोएडाजवळच्या बुद्ध सर्किटला जाणार असाल तर घ्या, आणि पावसाळ्यासाठी दुसरा सेट ठेवा. दोन सेट ठेवायला जागा नसेल तर तुमची गाडी त्यासाठी नाही.

भाच्यासारख्या माणसासाठी, जो ऑफिसलाही तीच गाडी नेतो, तिसरा गट. मिशेलिनचा पायलट स्पोर्ट ४ एस, ट्रेडवेअर ३००, किंवा त्याच्या तोडीचे दुसऱ्या कंपन्यांचे. कोरड्यात दोनशेवाल्यांपेक्षा थोडे कमी, पाण्यात खाचा जास्त म्हणून भरवशाचे. युरोपात सात अंशांखाली उन्हाळी टायर कडक होतात म्हणून आरडाओरडा असतो. बडोद्यात ती चिंता सोडा. आपली चिंता म्हणजे मेमध्ये चव्वेचाळीस अंश. दहा अंश तापमान वाढलं की दाब पावणेदोन पीएसआयनं चढतो, म्हणून हवा सकाळी, गाडी न चालवता बघा. दुपारी बघून कमी केलीत तर रात्री टायर उपाशी.

‘एवढा खर्च कशाला’ असं विचारणाऱ्यांसाठी एक गणित. शंभरच्या वेगाला पूर्ण ब्रेक. पकडीचा गुणांक ०.९ असेल तर गाडी ४४ मीटरला थांबते, १.१ असेल तर ३६ला. फरक आठ मीटर. पण दुसऱ्या बाजूनं बघा. चांगल्या टायरची गाडी जिथं थांबली, तिथून साधी गाडी अजून ताशी ४३च्या वेगानं पुढं जात असते.

मापाबद्दल. २५५/४० असेल तर २५५ मिलिमीटर रुंदी, उंची तिच्या ४० टक्के. भार-निर्देशांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा, आणि कमाल वेगाचं अक्षर, दोन्हीत गाडीच्या कंपनीनं दिलेल्यापेक्षा खाली जायचं नाही. डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटर, वाय म्हणजे ३००. पुढं एक, मागं दुसरंच मॉडेल, असं करू नका. नवे टायर पहिले दोनेकशे किलोमीटर जपून, साच्यातलं तेलकटपण जाऊ द्या. झीज दाखवणारी पट्टी १.६ मिलिमीटरला असते, कायदा तिथं थांबतो. मी तीनला थांबतो, कारण मी आणंदला तीन बघितलेत.

आणि तारीख. भाच्यानं नंतर नवे टायर घेतले. दुकानदारानं प्लास्टिकच्या वेष्टणातून काढून दिले, चकचकीत. मी वाकलो, परत कमर. कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, शेवटचे दोन साल. टायर चार वर्षांचे. दुकानदार म्हणाला, ‘गोडाउनमां ज हता, साहेब.’ जणू गोडाउनमध्ये रबराचं वय थांबतं! पत्र्याच्या शेडमध्ये चार उन्हाळे म्हणजे… असो. चिटणीस उभे राहिलेत.

ज्यांना दाखवून हवंय त्यांनी खाली पार्किंगमध्ये या, माझ्याकडे बॅटरी आहे. येताना काही गाड्यांचे मी वाचले. अध्यक्षांच्या गाडीवर १४१६ आहे. अध्यक्ष, तुम्ही आज भाच्याबरोबर जा.