कडीला टांगलेला मोजा

(अमेरिकेतल्या आपल्या मराठी मंडळाच्या डिसेंबर मेळाव्यात केलेलं भाषण, संकेतस्थळासाठी थोडं संपादित करून.)

नमस्कार मंडळी.

मसालेभाताचा वास इथपर्यंत आलाय, त्यामुळे फार लांबवत नाही. पण माझ्या मुलीनं गेल्या नाताळात लालबागला, माझ्या माहेरी, एक प्रश्न विचारला आणि वर्ष होत आलं तरी तो माझा पाठलाग सोडत नाही. ती म्हणाली, "देणाऱ्यानं नावच लिहिलं नाही, तर थँक्यू कोणाला म्हणायचं?"

नाताळच्या आदल्या रात्री इथली मुलं फायरप्लेसपाशी मोजे टांगतात, सांताक्लॉज धुराड्यातून येऊन त्यात भेटी ठेवतो म्हणून. त्यामुळे डिसेंबर लागला की आपल्या ग्रुपवर कुणा नव्या कुटुंबाचा निरोप येतोच. अपार्टमेंटमध्ये राहतो, फायरप्लेस नाही, मुलं शाळेतून ऐकून आलीत, मोजे टांगायचे कुठे? मग भराभर उत्तरं येतात. जिन्याचा कठडा, पुस्तकांचं कपाट, दाराची मूठ, भिंतीला चिकटवायचे हुक. सगळी बरोबर आहेत. इंग्लंडात कित्येक घरांत मुलं पलंगाच्या पायथ्याशीच मोजा टांगतात. फक्त चालू हीटरपासून लांब टांगा, आणि चिकट हुकावर फार भार टाकू नका, मध्यरात्री धप्पकन आवाज होऊन पोरं उठतात.

पण ज्या गोष्टीवरून हे मोजे आले, त्या गोष्टीला फायरप्लेस लागतच नाही. चौथ्या शतकात मायरा नावाच्या गावी निकोलस नावाचे बिशप होते. हे गाव म्हणजे आजच्या तुर्कस्तानातलं देमरे. त्यांची आख्यायिका अशी, की एका माणसाचे दिवस फिरले. घरात तीन मुली, आणि हुंड्याला पैसा नाही. हुंड्याची गोष्ट आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. त्या घराची लाज त्या घरातच राहावी म्हणून निकोलस रात्री आले आणि सोन्याची पुरचुंडी खिडकीतून आत टाकून निघून गेले. खिडकीतून! जेंतिले दा फाब्रियानो या इटालियन चित्रकारानं १४२५ मध्ये हा प्रसंग रंगवलाय, ते चित्र आता व्हॅटिकनमध्ये आहे, आणि त्यातही सोनं खिडकीतूनच आत जातंय. धुराडं आणि शेकोटीपाशी वाळत घातलेले मोजे नंतरच्या सांगण्यात आले. अमेरिकेत ते पक्के केले एका कवितेनं. न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावच्या वर्तमानपत्रात २३ डिसेंबर १८२३ रोजी ती छापून आली, तीसुद्धा कवीच्या नावाशिवाय.

त्या आख्यायिकेचा शेवट मला फार आवडतो. तिसऱ्या खेपेला मुलींचा बाप जागत बसतो, देणाऱ्याच्या मागे धावतो, त्याला गाठतो आणि पाय धरतो. निकोलस त्याला एकच गोष्ट मागतात. मी जिवंत आहे तोवर हे कुणाला सांगू नकोस.

आता लालबाग. आईची खोली तिसऱ्या मजल्यावर, चाळ अजून उभी आहे, पुनर्विकासाच्या सभा चालूच आहेत. लेकीनं इथून तिचा लोकरीचा लांबलचक मोजा बॅगेत घालून नेला होता. चोवीस तारखेला संध्याकाळी तिनं खोलीभर नजर फिरवली. फायरप्लेस नाही. खिडकीला ग्रिल. तिचा चेहरा पडला. "आजी, तो येणार कसा?" आईनं भाकरी थापता थापता सांगितलं, "दारानं येईल की. सगळे दारानंच येतात."

त्यावरून घरात वाजलं. माझा दादा डोंबिवलीहून आला होता. तो म्हणाला, "पोरगी गणपतीला एकदा येत नाही, आणि मोजे टांगायला आली. हे आपलं नाही." दादाचं दुःख खरं आहे, आणि गणपतीचं तो बोलला ते मला झोंबलं, कारण इथल्या शाळा सप्टेंबरात नुकत्याच सुरू झालेल्या असतात आणि दरवर्षी आपण तेच कारण सांगतो. पण "आपलं नाही" हे मला पटलं नाही. माझगावच्या माथारपाखाडीत, गिरगावच्या खोताच्या वाडीत, अख्ख्या वसईत मराठी बोलणाऱ्या घरांत पिढ्यानपिढ्या नाताळ होतोय. आमच्या चाळीतून दिवाळीला फराळाचं ताट ज्या घरी जायचं, त्याच घरून नाताळात ते ताट नेवऱ्या आणि कलकल घेऊन परत यायचं. आपल्या मंडळातही वसईची घरं आहेत. त्यांनी मागे नाताळचा एक छोटा कार्यक्रम सुचवला होता, तेव्हा "बघू" म्हणून तो विषय ठेवून दिला गेला. बघू म्हणजे काय ते आपल्याला चांगलं ठाऊक आहे. मंडळी, हे बरं नव्हे. मराठी मंडळात मराठी माणसाला आपला सण मागून घ्यावा लागू नये.

तर, वाद राहिला बाजूला आणि आईनं उठून मोजा दाराबाहेर कडीला अडकवला. तिथे रोज रात्री दुधाची पिशवी टांगलेली असते. ती काढली, तिथे मोजा. आत काय घालायचं याचाही तिनं विचार केला होता. चॉकलेट उघडं ठेवलं तर मुंग्या, आणि गॅलरीत उंदीर. म्हणून सगळं एका स्टीलच्या डब्यात, झाकण घट्ट लावून.

सकाळी लेक सगळ्यांच्या आधी दारात. मोजा ओलाचिंब, कारण दूधवाल्यानं नेहमीच्या जागी अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या सोडल्या होत्या. खाली डबा होता. पण आणखीही काही होतं. वर्तमानपत्राच्या कागदात बांधलेली चिक्की. हिरव्या बांगड्या, तिच्या मापाच्या. एक भोवरा, जाळीसकट. आईनं यातलं काही ठेवलेलं नव्हतं, दादानंही नाही. गॅलरीतून रात्री येता-जाता कुणीतरी तो मोजा पाहिला होता. लेक बांगड्या घालून दारोदार विचारत फिरली. प्रत्येक जण म्हणाला, "आम्हाला काय माहीत, बाळा?" परत आली आणि तिनं तो प्रश्न विचारला.

मी काहीतरी बोलणार तोच आई म्हणाली, "मलाही कधी कळलं नाही कुणाला म्हणायचं."

आणि तिनं जे सांगितलं, ते मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, दत्ता सामंतांचा. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर. मी बालवाडीत होते, मला फक्त बाबा दिवसभर घरी असल्याचा आनंद आठवतो. आई म्हणाली, पहिले काही महिने निघाले. मग मंगळसूत्र गेलं, मग पितळेची भांडी गेली. शेजारची दोन बिऱ्हाडं कोकणात गावी गेली ती परतलीच नाहीत. पावसाळ्यात एकदा सकाळी दार उघडलं तर कडीला कापडी पिशवी. आत तांदूळ, तूरडाळ आणि चहाची पुडी. मग अधूनमधून तशी पिशवी येत राहिली. चाळीत ज्यांच्या घरी पगार येत होता अशी मोजकीच घरं होती, कुणी बेस्टमध्ये, कुणी पोस्टात. बाबांनी ठरवलं असतं तर रात्री जागून त्यांना कळलं असतं. ते जागले नाहीत. आईला त्यांनी सांगितलं होतं, रिकामी पिशवी धुऊन कडीला लावून ठेव, ज्याची असेल तो नेईल. तेवढीच पोच.

दादा तेव्हा नऊ वर्षांचा होता. तो इतका वेळ गप्प होता, मग म्हणाला, "जाडा तांदूळ होता. आठवतोय मला."

चाळीस वर्षांहून जास्त काळ आईनं हे स्वतःच्या मुलीलाही सांगितलं नव्हतं. घेणाऱ्याच्या मनात केवढी लाज असते, ते मला त्या सकाळी कळलं. आणि त्या पिशवीवर नाव नव्हतं म्हणूनच माझे बाबा मरेपर्यंत त्या गॅलरीतून ताठ मानेनं चालले, हेही कळलं.

म्हणून आज थोडं रागावणार आहे, ते घरचं माणूस म्हणून ऐका. आपली स्मरणिका उघडा. पहिली पानं देणगीदारांची, त्यातही सुवर्ण, रौप्य अशी रांग. श्रीखंड कुणाकडून, हॉल कुणाकडून, स्टेजवरून घोषणा आणि टाळ्या. उत्सवाच्या वर्गणीला हे शोभतं. गणपतीच्या पावतीवर नाव असतंच. पण हीच सवय आपण माणसाच्या अडचणीला लावली आहे. मध्यंतरी आपल्यातल्या एका घरातली नोकरी गेली. एच-वन-बीवरच्या, म्हणजे नोकरीच्या व्हिसावरच्या, माणसाला अशा वेळी जास्तीत जास्त ६० दिवसांची मुदत असते, त्यात दुसरी नोकरी शोधायची नाहीतर आवराआवर करायची. मदतीचं आवाहन ग्रुपवर आलं, त्या कुटुंबाच्या नावासकट. खाली कुणी किती दिले त्याची यादी, अंगठे, हात जोडलेली चित्रं. सगळं चांगल्या मनानं झालं, पैसेही जमले. ते कुटुंब त्यानंतर आपल्या एकाही कार्यक्रमाला आलेलं नाही. त्यांची मुलगी माझ्या मुलीबरोबर मराठी शाळेत होती. तीही येत नाही.

मला आता हे विचारायचंय. लालबागच्या त्या दाराला कडी होती आणि गॅलरी सगळ्यांची होती. इथे आपल्या दारांना घंटीबरोबर कॅमेरे आहेत. कुणी पायरीवर पिशवी ठेवली तर ती घरात यायच्या आधी ठेवणाऱ्याचा चेहरा फोनवर येतो. झेलनं, म्हणजे बँकेतून फोनवरून, पैसे पाठवले तर नाव आधी दिसतं. रात्रीचे निकोलस आले असते तर त्यांचीही चित्रफीत निघाली असती. आणि चाळीत अडचण सांगावी लागत नव्हती, चूल पेटली नाही हे शेजाऱ्याला भिंतीतून कळायचं. इथे आपण एकमेकांपासून अर्धा तास गाडीच्या अंतरावर राहतो. कळणार कसं?

मी खजिनदारांशी बोलले आहे. एक वेगळी पेटी ठेवायची, तिच्यात कुणी किती टाकले याची नोंद नाही, आणि ती मदत कुणाकडे गेली हे फक्त दोघांना ठाऊक, असं सुचवलंय. हिशेबतपासनिसांनी रास्त शंका काढली, की नोंद नाही तर हिशेब दाखवायचा कसा. त्याचा काहीतरी मार्ग निघेल. पण ज्याला गरज आहे त्यानं त्या दोघांपर्यंत तरी पोचायचं कसं, तोंड न उघडता, हे मला सुचलेलं नाही. खजिनदारांनाही नाही. जानेवारीच्या सभेत हा विषय पहिला घ्यावा, आणि वसईच्या मंडळींच्या नाताळचा दुसरा. ज्यांना काही सुचेल त्यांनी सभेला या. ग्रुपवर लिहू नका.