सोप्यातला प्रयोगाचा कोपरा

मंडळी, मुलांसाठी घरात विज्ञानाचा कोपरा करायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो खर्चाचा आणि दुसरा पसाऱ्याचा. खर्चाचं आधी मिटवून टाकते. एक भिंग, एक लोहचुंबक, सरळ काठाचे दोन-तीन काचेचे ग्लास, पट्टी आणि वही. बाकी सगळं परड्यात आहे. पसारा मात्र होणारच, आणि तो चालवून घ्यावा लागतो.

जागा मुलाच्या हाताला येईल अशी हवी. सोप्याची खिडकी चालते, फ्लॅट असेल तर बाल्कनीतली खालची फळी. पुष्कळ घरांत कपाटात शंख-शिंपले छान मांडलेले असतात, पण आठवड्याभरात मूल तिकडे फिरकत नाही, कारण तिथं काही घडतच नसतं. कोपऱ्यात सतत काहीतरी चालू पाहिजे, कुठं मोड येताहेत, कुठं गाळ बसतोय, कुठं अळी कात टाकतेय. माझं मुख्य सांगणं एवढंच.

आता मृग लागलाय, तर पावसापासूनच धरू. ग्लास उघड्यावर, झाडापासून आणि पागोळ्यांपासून लांब ठेवायचा. रोज सकाळी साडेआठला पट्टीनं पाणी मोजायचं. हवामान खात्याची २४ तासांची नोंदही त्याच वेळी होते. मोजून झालं की ग्लास रिकामा करायचा, नाहीतर डास होतील. ग्लास रुंद असो की अरुंद, वर-खाली सारखाच असला तर पाण्याची उंची तीच येते. हे मुलाला सांगू नका. दोन वेगळे ग्लास शेजारी ठेवा आणि त्याला चक्रावू दे. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर. एवढं कळलं की पोरं आपल्या कौलांवर किती घागरी पडल्या याचा हिशेब मांडून बसतात.

आपल्या बेळगाव भागात तर याला फार वाव आहे बघा. एक ग्लास खानापूरच्या मामाकडे, एक अथणीच्या आत्याकडे, आणि रोज फोनवर आकडे घ्यायचे. सह्याद्री ढगांतलं पाणी आधी काढून घेतो, पूर्वेकडे जावं तसा पाऊस कमी. एकाच जिल्ह्यात खानापूरकडची कणकुंबी चिंब आणि अथणी कोरडी. पर्जन्यछायेचा धडा वर्गात येईल तेव्हा मुलाच्या वहीत त्याचे आकडे आधीच असतील.

उघडीप नसेल त्या दिवशी सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्यापेटीच्या काड्या काढा. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ साली विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला होता, तिथं खेळण्यांतून विज्ञान शिकवणाऱ्या अरविंद गुप्तांनी हे खेळणं रुजवलं. ट्यूबच्या तुकड्यांनी काड्या जोडायच्या. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही. मग मुलाला मान वर करून कौलांखालची कैची, म्हणजे छपराचा त्रिकोणी सांगाडा, बघायला लावा.

कढीपत्त्यावरच्या फुलपाखराच्या अळीला मात्र निवांत वेळ द्या. कोवळ्या पानावर मोहरीएवढं फिकट पिवळं अंडं असतं. लहानपणी अळी पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, पुढं हिरवीगार होते. काडीनं हलकेच डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी, दोन फाट्यांचं शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. एकदा दाखवलंत तेवढं पुरे, तिला छळू नका. डहाळी पाण्याच्या बाटलीत ठेवा, बाटलीच्या तोंडाला कापूस लावा, म्हणजे अळी बुडणार नाही. वरून जाळीचं कापड घाला. पानं परड्यातलीच द्या, बाजारच्या पानांवर फवारणी असू शकते. कोष कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून काडीला टेकून राहतो. फुलपाखरू निघालं की पंख चुरगळलेले असतात. ते ताठ होऊन वाळेपर्यंत हात लावायचा नाही, मग परड्यात सोडायचं.

कधी कोषातून फुलपाखराऐवजी बारीक गांधीलमाश्या निघतात. त्यांच्या आईनं आपली अंडी आत घातलेली असतात आणि पिल्लं कोष आतून खातात. मूल रडेल. तरीही कोष लपवू नका. कोषाला पडलेली छिद्रं मुलाला भिंगातून बघू दे, आणि तारीख घालून तेही त्याच वहीत लिहू दे.