व्यावसायिक अँटेना दोन मीटर बँडवर आणताना

मंडळी, आपण हौशी रेडिओवाले. टॉवरवरून उतरवलेला जुना व्यावसायिक व्हीएचएफ (30 ते 300 मेगाहर्ट्झ पट्ट्यातला) अँटेना कुणाला मिळाला, की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: एसडब्ल्यूआर, म्हणजे परत फिरणाऱ्या पॉवरचं माप (1 म्हणजे काहीच परत नाही), किती आला तर चालेल? माझा उलट प्रश्न असतो, मोजलात कुठे? कारण टॉवरखालच्या खोलीत मोजलेला आकडा एकट्या अँटेनाचा नसतो, अँटेना आणि केबल या दोघांचा मिळून असतो. समजा तुमच्या केबलमध्ये 3 डीबी जातात आणि वर अँटेनाच जोडलेला नाही, टोक उघडंच आहे. मीटरवर अनंत दिसायला हवं, पण दिसेल 3. जाताना निम्मी पॉवर केबलने खाल्ली, उरलेली सगळी परत फिरली, येताना तिच्यातलीही निम्मी गेली. मीटरला दिसली चौथाई. याच हिशेबाने वर एसडब्ल्यूआर 2 असलेला अँटेना खाली 1.4 दाखवतो आणि आपण खूश होतो. केबल जितकी जुनी आणि ओल लागलेली, तितका हा आकडा सुंदर दिसतो. म्हणून अँटेना जमिनीवर असतानाच, त्याच्या स्वतःच्या कनेक्टरला ॲनलायझर लावून मोजायचा. मधे मीटरभराहून जास्त केबल नको.

आपल्या हाती बहुतेक वेळा येतो तो चार फोल्डेड डायपोलचा (लांबट कडीसारख्या वाकवलेल्या नळ्यांचा) अँटेना: एक लांब मास्ट, म्हणजे खांब, त्यावर एकाखाली एक चार डायपोल आणि त्यांना जोडणारा केबलचा हार्नेस. कारखाने, टॅक्सी सेवा, सरकारी खाती यांच्या वायरलेससाठी तो 150 मेगाहर्ट्झच्या वर बनवलेला असतो. भारतात आपला दोन मीटर बँड 144 ते 146 मेगाहर्ट्झ. बनावट 160 ची धरली, तर अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल साधारण 89 सेंटिमीटर भरतो. 145 ला तोच हवा 98. फरक नऊ सेंटिमीटरचा. तो तसाच ठेवून खाली स्टब (जुळवणीसाठी जोडलेला केबलचा तुकडा) किंवा ट्यूनर (जुळवणीचं उपकरण) लावावा असं अनेकांना वाटतं. सिग्नल तसाही बाहेर जाईल, नाही म्हणत नाही. पण रिपीटरमध्ये, म्हणजे ऐकलेला सिग्नल लगेच पुन्हा पाठवणाऱ्या केंद्रात, मधे डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर) बसलेला असतो आणि त्याच्या कॅव्हिटीज, म्हणजे फिल्टरचे धातूचे डबे, 50 ओहमवर लावलेल्या असतात. पलीकडे 50 ओहम नसले, की त्या लावणीचा अर्थच राहत नाही. आणि खालचा ट्यूनर उन्हापावसात सरकला, की सगळं पुन्हा पहिल्यापासून. दुरुस्ती वरच, डायपोलमध्येच करावी या मताचा मी आहे.

आता प्रत्यक्ष काम. डायपोलची अखंड नळी जिथे मास्टच्या आडव्या दांड्याला धरलेली असते, तिथे हात लावायचा नाही. फीडच्या, म्हणजे केबल जोडतात त्या, जागेलाही नाही. दोन्ही टोकांची इंग्रजी यू-सारखी वळणं करवतीने कापा. नळीच्या आत घट्ट बसेल असा ॲल्युमिनियमचा पाइप घाला आणि प्रत्येक टोक साडेचार सेंटिमीटर बाहेर सरकवा, चारही पाय सारखे. आधी नुसतं सरकवून मोजा. डायपोल त्याच्याच मास्टच्या तुकड्यावर, जमिनीपासून दोन-तीन मीटर वर हवा आणि आपण बाजूला उभं राहायचं; मास्टच्या जवळ असण्याने इम्पिडन्स (अँटेनाचे ओहम) बदलतो, त्यामुळे मास्टशिवाय घेतलेलं माप निरुपयोगी. लांबी जमली की सांधा आर्गन वेल्डिंगने कायमचा करा. रिव्हेट मारून सोडू नका, का ते पुढे येईलच. खालच्या वळणात पाणी निघायला बारीक छिद्र ठेवा. घाटमाथ्यावर चार महिने पाऊस आडवा येतो आणि नळीत शिरलेलं पाणी आपणहून बाहेर येत नाही.

हार्नेसकडे वळू. 50 ओहमचे दोन अँटेना नुसते जोडले तर 25 होतात. म्हणून प्रत्येकाच्या वाटेत 75 ओहम केबलचा पाव तरंगलांबीचा तुकडा घालतात. तो 50 चे 112 करतो आणि असे दोन समांतर आले की 56, म्हणजे कामापुरते 50. साध्या पॉलिथिलीनच्या केबलमध्ये 145 ला पाव तरंगलांबी 34 सेंटिमीटर येते, 160 ला 31. पूर्ण तरंगलांबी 360 अंशांची धरली, तर जुना तुकडा तसाच ठेवल्यावर 90 अंशांऐवजी 82 मिळतात, ते खपून जातं. पण डायपोलपर्यंत पोचायला पाव लांबी पुरत नाही, म्हणून बनवणारे बऱ्याचदा पाऊण लांबी वापरतात. तिथे 270 चे 245 होतात आणि 25 अंशांची चूक खपत नाही. असा हार्नेस नवीनच करा: 102 सेंटिमीटर, सगळे तुकडे एकाच रिळातले. डायपोलमधलं अंतर मात्र बदलायच्या फंदात पडू नका. एक तरंगलांबीचं 0.9 झालं, तर गेनमध्ये (हव्या दिशेला मिळणाऱ्या ताकदीत) जाणवेल असं काही घडत नाही.

आता रिव्हेटकडे येतो. माझ्या लेखी आजच्या विषयातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. आपला रिपीटर 600 किलोहर्ट्झच्या अंतरावर एकाच अँटेनावरून एकाच वेळी बोलतो आणि ऐकतो. 25 वॅट बाहेर जात असताना रिसीव्हरला 0.2 मायक्रोव्होल्ट ऐकू यायला हवेत. सैल रिव्हेट, गंजलेला क्लॅम्प किंवा ॲल्युमिनियमवर थेट कसलेला तांब्याचा लग घ्या. अशा सांध्याने त्या 25 वॅटमधल्या एक लाख कोटी भागांपैकी एक भाग जरी रिसीव्हरच्या फ्रिक्वेन्सीवर कुरकुर म्हणून फेकला, तरी ती कुरकुर त्या सर्वांत क्षीण सिग्नलच्या तीस हजार पट असते. आणि डुप्लेक्सर इथे काहीच करू शकत नाही. ट्रान्समीटरमधून येणारा कचरा तो अडवतो, पण हा कचरा जन्मतोच त्याच्या पलीकडे, तोही नेमका आपण ऐकतो त्या फ्रिक्वेन्सीवर. एसडब्ल्यूआर 1.1 असताना दूर गावातली हँडी (हातात धरायचा छोटा सेट) रिपीटरला ऐकू येत नसेल, तर मी आधी सांधे तपासतो. ॲल्युमिनियम फॉइलवर कलई केलेली जाळी असलेली केबलही डुप्लेक्ससाठी टाळा. आत दोन धातू एकमेकांवर घासत राहतात. चांदीचा मुलामा दिलेली दुहेरी जाळी किंवा नालीदार तांब्याची हार्डलाइन घ्या, आणि कनेक्टर एन टाइपचेच.

तपासायची रीत सोपी आहे. डुप्लेक्सरपाशी कपलर लावून क्षीण सिग्नल आत सोडा, जेमतेम ऐकू येईल इतका. अँटेनाच्या जागी डमी लोड (पॉवर जिरवणारा 50 ओहमचा रोध) लावा आणि ट्रान्समीटर चालू करा. सिग्नल तसाच राहिला तर डुप्लेक्सर ठीक. मग डमी लोड काढून अँटेना जोडा, सिग्नल पुन्हा जेमतेम ऐकू येईल इथवर आणा आणि ट्रान्समीटर चालू-बंद करून पाहा. चालू केल्यावर खरखर वाढली तर दोष केबलमध्ये किंवा वर आहे. अँटेना जमिनीजवळ असतानाच हे करा. एकाने हेडफोन लावून ऐकायचं, दुसऱ्याने लाकडी काठीने एकेक क्लॅम्प हळूच ठोकायचा. ज्या ठोक्याला कानात चरचर होते, तो सांधा उघडा, घासा, पुन्हा बसवा. पॉवर चालू असताना डायपोलला हात मात्र लावू नका.

मघाशी एकाने विचारलं, फायबरग्लासच्या नळीतला उभा अँटेना मिळाला तर? त्यात तुकडे एकामागोमाग एक जोडलेले असतात आणि सिग्नल खालून वर चढत जातो. चार डायपोलच्या हार्नेसमध्ये सगळ्या वाटा सारख्या लांबीच्या असतील, तर फ्रिक्वेन्सी बदलली तरी चौघांची फेज (लहरींचा ताल) सारखीच राहते. नळीतल्या अँटेनाचं तसं नाही. 160 चा अँटेना 145 वर चालवला की प्रत्येक तुकड्याची फेज थोडी सरकते आणि बीम (सिग्नलचा झोत) क्षितिजाखाली झुकतो. मॅचिंग करून एसडब्ल्यूआर 1 वर आणला तरी तो झुकाव तसाच राहतो. डोंगरावरून लांबचं गाठायचं असेल तर तो अँटेना आपल्या कामाचा नाही. मात्र घेण्याआधी लेबल वाचा. एकाच अँटेनाची वेगवेगळ्या बँडची मॉडेल्स निघतात. 138 ते 150 चं निघालं, तर काहीही न कापता, फक्त कनेक्टर बदलून आणि त्यावर रबर टेप गुंडाळून तो वर चढवा.