दुसऱ्या अंकाची अडचण

(तालमीचा हॉल. जमिनीवर खडूने आखलेली मागांची रांग. त्या रेघांमधून नट ये-जा करताहेत.)

नागपूरच्या मिलवरच्या या नव्या नाटकाचा पहिला अंक भराभर लिहून झाला. लेखकाला फार खटपट करावीच लागली नाही, सगळा मालमसाला तयार होता.

साल १८७४. पस्तिशीतले जमशेटजी टाटा नागपुरात कापडाची मिल काढायचं ठरवतात. त्यांचा हिशेब सरळ आहे. कापूस इथलाच, रेल्वे १८६७ मध्येच येऊन पोचलेली, कोळसा वरोऱ्याहून येणार. जुम्मा तलावाजवळ दलदलीची जमीन मिळते, तिच्यात भर घालायची असते. भांडवलासाठी गावातल्या सावकाराला विचारलं, तर तो म्हणतो, सोनं मातीत घालणाऱ्याला मी पैसे देणार नाही. पुढे मिल चालते आणि तोच सावकार कबूल करतो की या माणसाने माती घालून सोनं काढलं. टाटांच्या चरित्रांत ही गोष्ट हमखास भेटते. इतकी घडीव आहे की टाळीची जागासुद्धा ठरलेली.

(जुनी छायाचित्रं: मिलचं फाटक, विटांच्या भिंती.)

१ जानेवारी १८७७ ला मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली, म्हणून मिलचं नाव एम्प्रेस. सुरुवातीला सूत कातायच्या दोन तऱ्हेच्या चात्या होत्या, १५,५५२ थ्रॉसल आणि १४,४०० म्यूल, आणि कापड विणायचे ४५० माग. मॅनेजर बेझनजी मेहता रेल्वेतून आलेले, कापडाच्या धंद्याचा त्यांना अनुभव नव्हता. कामगार रोज येत नसत, तर हजेरीसाठी बक्षिसं सुरू झाली. पुढे पेन्शन आली, भविष्यनिर्वाह निधी आला. देशात इतर ठिकाणी अशा गोष्टींचा कायदा व्हायला अजून बरीच वर्षं होती.

हे सगळं खरं आहे आणि त्याचं मोल कमी नाही. पण संहितेच्या पहिल्या वाचनात एक गोष्ट सगळ्यांच्याच लक्षात आली. अख्ख्या अंकात मालक बोलतो, मॅनेजर बोलतो, सावकार बोलतो. कामगार फक्त बक्षीस घ्यायला येतो.

मग दुसरा अंक. तिथेही एक आयती गोष्ट वाट पाहत होती. १९८६ मध्ये मिल राज्य सरकारच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली, २००२ मध्ये बंद पडली. त्या जागेवर आज एम्प्रेस मॉल आहे. चढ झाला, उतार झाला, शेवटी रडवायचं. दिग्दर्शिकेने हा उतार लिहायलाच नकार दिला. तिचं म्हणणं असं, की मिल बंद पडल्याची हळहळ करायची तर मिल सुरू झाल्यावर काय बंद पडलं, तेही दाखवावं लागेल.

(नागपूरच्या तांडापेठेतली, विणकरांच्या वस्तीतली गल्ली. एका घरातून हातमागाचा आवाज.)

नागपूरच्या आसपासच्या गावांत जाडंभरडं कापड विणायचे महार विणकर. मिलचं स्वस्त कापड बाजारात आलं आणि त्यांचा धंदा बसला. कोष्टी या विणकर जातीचं वेगळं झालं. ते काठापदराचं बारीक काम करत, त्याला मिलच्या कापडाची लगेच टक्कर नव्हती. उलट मिलचं सूत त्यांच्याच मागावर चढलं. म्हणजे एकाच मिलने एकाचा माग थांबवला आणि दुसऱ्याला सूत पुरवलं. ज्याचा माग थांबला, तोच पुढे मिलच्या फाटकापाशी कामासाठी उभा राहिला. माझ्या मते या नाटकाचा खरा पेच इथे आहे. मालक चांगला की वाईट, हा प्रश्न त्याच्यापुढे किरकोळ वाटतो.

फाटकाच्या आत गेल्यावरही जात बाहेर राहत नसे. मुंबईच्या गिरण्यांत विणकाम खात्याची दारं अस्पृश्यांना बंद होती. कारण धोट्यातला, म्हणजे मागावर आडवं सूत नेणाऱ्या नळीतला, सुताचा धागा तोंडाने ओढून काढावा लागे आणि एकाच्या तोंडचा धोटा दुसऱ्याच्या हातात जाई. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. नाटकात हा प्रसंग हवाच, असं तरुण नटांना वाटतं. नागपूरच्या जुन्या कामगारांपुढे विषय काढला की ते आधी एकमेकांकडे बघतात. मग एक जण म्हणतो, "होतं तसं." दुसरा म्हणतो, "आमच्या खात्यात नव्हतं बाप्पा." संहितेत सध्या ही दोन्ही वाक्यं आहेत, एकापाठोपाठ एक. ती तशीच राहावीत असं मला वाटतं.

किसन फागुजी बनसोडे नाटकात थोडा वेळच येतात. मोहप्याचा हा कवी आणि पत्रकार मिल कामगारांत वावरला, त्याने नागपुरात मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली. कामगार पुढारी रा. स. रुईकर यांची एक सभा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ चा दिवसही आहे, पण दीक्षाभूमीचा देखावा उभारलेला नाही. एक बाई पांढरं लुगडं घालून मुलांना आवरते आणि सगळे घराबाहेर पडतात, एवढंच.

(तालीम. एक निवृत्त कामगार नटाचा हात धरून हालचाल दाखवतोय. हॉलमध्ये मागांचा ध्वनिमुद्रित आवाज.)

नटांना सर्वांत जड गेलं ते बोलणं. संहितेत कामगार एकमेकांशी लांबलचक संवाद म्हणत होते. तालमीला आलेल्या एका आजोबांनी ते ऐकलं आणि हसले. "अबे, लूमखात्यात आवाज येते का कोनाचा?" शेकडो माग एकदम चालत असताना शेजारच्याचं बोलणं कानावर पडायची सोयच नव्हती. ओठ वाचायचे, हाताने खुणा करायच्या. आजही हे आजोबा घरात ओरडूनच बोलतात, टीव्हीचा आवाज शेजारच्या घरापर्यंत जातो, आणि सुनेची तीच एक तक्रार आहे. दुसऱ्या अंकातले बरेचसे संवाद त्या दिवशी कापले गेले. आता त्या भागात नट फक्त खुणा करतात. कामाची वेळ संपून माग थांबले की पहिलं वाक्य एका बदली कामगाराचं, म्हणजे कोणी गैरहजर असेल तरच काम मिळणाऱ्याचं, येतं, "उद्या लूम भेटते का नाई, काई भरोसा नाई."

(मारबत मिरवणूक. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईचे मोठे पुतळे, मागे बडगे, म्हणजे पुरुषांचे पुतळे.)

पण खुणांनी इतिहास सांगता येत नाही. साल, कारण, निर्णय कोणीतरी तोंडाने सांगायलाच हवं. त्यासाठी सूत्रधार आणायचा की पडद्यावर अक्षरं दाखवायची, यावर बराच काथ्याकूट झाला. उत्तर मिळालं ते रस्त्यावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. काळी मारबत १८८१ पासूनची, पिवळी १८८५ पासूनची सांगतात. म्हणजे मिल नुकतीच रुळत होती तेव्हाची ही मिरवणूक आहे. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" म्हणत गाव तिला हाकलतं. तिच्यासोबत निघणारे बडगे मात्र चालू जमान्याची टर उडवतात. महागाई असो, पुढारी असो, कोणाची सुटका नाही.

नाटकात आता बडगेच साल सांगतात. १८७७ सांगतात, १९८६ सांगतात, आणि सरकारी निर्णय वाचून दाखवताना मध्येच खोकतात. खोकला का, ते कापसाच्या धुळीत उभं आयुष्य काढलेल्या प्रेक्षकाला सांगावं लागणार नाही.

याचा एक परिणाम कोणी धरून चालला नव्हता. बडगे आले आणि पहिला अंक बदलला. सावकार आणि जमशेटजींचा तो घडीव प्रसंग आता खडी गंमतीच्या, म्हणजे विदर्भातल्या लोकनाट्याच्या ढंगात होतो. सोंगाड्या सावकार होतो, डोक्यावर पागोटं, हातात मातीचं ढेकूळ. जमशेटजी समोर गंभीर चेहऱ्याने उभे. बाजूला डफ वाजवणारा मध्येच विचारतो, "सोनं निघालं म्हनता, मंग वाटलं कोनाले?" जमशेटजींकडे उत्तर आहे, हजेरीची बक्षिसं आहेत, पेन्शन आहे, आणि ते उत्तर लेखकाने प्रामाणिकपणे लिहिलंय. ते पूर्ण ऐकून डफवाला पुढचा प्रश्न विचारतो.

प्रयोग कुठे करायचा, यावर अजून वाद आहे. काहींना सिव्हिल लाइन्सचं वसंतराव देशपांडे सभागृह हवं. तिथे प्रकाशयोजना नीट होते, ध्वनी नीट ऐकू जातो, समीक्षकही येतात. दिग्दर्शिका म्हणते, आधी इंदोऱ्यात आणि तांडापेठेत, मैदानात, फुकट. निर्मात्याने दोन्हीचा खर्च काढायला घेतलाय. मैदानात मागांचा आवाज भरेल एवढे स्पीकर भाड्याने घ्यायचे, तर सभागृहाच्या भाड्यापेक्षा जास्त पैसे जातात. त्याने दिग्दर्शिकेला विचारलं, आवाज थोडा कमी चालेल का?

ती नाही म्हणाली.