सात हॉर्सपॉवरचा हिशेब

(दृश्य: पहाट. शटर अर्धं वर. गाडीवरचं कापड ओढलं जातं.)

चावी फिरवली. पेट्रोल पंपाची बारीक गुणगुण, पडद्यावर उजेड, आणि मग स्टार्टर.

हा आवाज नीट ऐका. इथं संगीत मुद्दाम लावलेलं नाही.

चार सिलिंडरची गाडी असती, तर एकसलग, गुळगुळीत घूं ऐकू आलं असतं. दोन सिलिंडरची असती, तर ठोके मोजता आले असते. इथं सिलिंडर तीन आहेत. फोर-स्ट्रोक इंजिनाचं एक चक्र क्रँकच्या, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या, दोन फेऱ्यांत, ७२० अंशांत पुरं होतं. ते तिघांत सारखं वाटलं, की दर २४० अंशांनी एक स्फोट. ठोके सुटे ऐकू येत नाहीत, पण त्यांची खरखर मागे उरतेच. रेव्ह, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांचा वेग, वर गेले की त्याच खरखरीतून शीळ फुटते. हा आवाज एकदा कानात बसला की बसला. माझ्या तो बसलाय.

ही मोटरसायकल आहे ट्रायम्फ स्ट्रीट ट्रिपल ७६५ आरएस. २०२३ साली सुधारून आलेली.

याच्या आधीची आरएस मी भरपूर चालवली आहे. पावसात, थंडीत, लांबच्या प्रवासात. तिचा क्लच कुठं पकडतो, कुठल्या वळणात ती आपल्याला धीर देते, हे अंगात मुरलेलं. त्यामुळे नवीचा माहितीचा तक्ता हातात आला, तेव्हा मी सगळ्यात आधी वजाबाकी केली. जुनीची ताकद १२३ हॉर्सपॉवर, नवीची १३०. जुनीचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ७९ न्यूटन मीटर, नवीचा ८०.

सात हॉर्सपॉवर आणि एक न्यूटन मीटर.

खरं सांगतो, मन खट्टू झालं. त्यात हे सात हॉर्सपॉवर राहतात कुठं, तर १२,००० आरपीएमच्या, म्हणजे मिनिटाला बारा हजार फेऱ्यांच्या, आसपास. आणि कोऱ्या गाडीला तिथं न्यायचंच नसतं. रनिंग-इन असतं. पिस्टनच्या रिंगा सिलिंडरच्या भिंतीशी अजून जुळायच्या असतात. पहिले काही शे किलोमीटर थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) पूर्ण पिळायचा नाही, रेव्ह उंच न्यायचे नाहीत, एकाच वेगात तासन्‌तास रेंगाळायचंही नाही. म्हणजे जी ताकद वाढली, तिला हात लावायची मनाईच.

आणि तरीही पहिल्याच दिवशी, पहिल्या तासाभरात, ही गाडी मला वेगळी लागली. सरळ सरळ वेगळी. तेव्हापासून मी तो फरक शोधतोय.

(दृश्य: गाडी रस्त्यावर येते. कॅमेरा हँडलच्या उंचीवर.)

बसल्याबरोबर पहिली गोष्ट कळते ती पायांना. सीटची उंची ८२५ मिलिमीटर होती, आता ८३६ आहे. उंचीने बेताचा चालक असेल, तर सिग्नलला त्याची एकच टाच नीट टेकेल, आणि गाडी घेण्याआधी त्याने हे बसून पाहायलाच हवं. हँडलही १२ मिलिमीटरने रुंद आहे. ऐकायला क्षुल्लक, पण कोपर जरा बाहेर जातात आणि हँडल ढकलायला तरफ मोठी मिळते.

पेट्रोल-तेलासकट गाडीचं वजन १८८ किलो. हा आकडा लक्षात ठेवा, तो पुढे लागेल.

पहिल्या शंभर-दीडशे किलोमीटरांत माझं सगळं लक्ष टायरवर होतं. कोरा टायर वरून तुळतुळीत असतो, गाडी झुकवताना त्याच्यावर भरवसा ठेवायचा नसतो. त्यात हे पिरेली डायब्लो सुपरकोर्सा एसपी, रस्त्यावर चालणारे खरे, पण जीव ट्रॅकवर अडकलेले. गरम झाले की डिंकासारखे धरतात, गार असले की गप्प राहतात. ओल्या, थंड सकाळी त्यांना वेळ द्यावा लागतो. मी दिला. दर थांब्याला हात लावून पाहत होतो.

हळूहळू कळायला लागलं. चार-पाच हजार आरपीएमवर, जिथं रनिंग-इनमध्ये आपण सगळा वेळ काढतो, तिथं गाडीची ओढ जुनीपेक्षा जास्त आहे. थ्रॉटल जरा उघडला की ती लगेच निघते. गिअर खाली टाकायची गरज पडायची तिथं आता पडत नाही.

याचं मोठं कारण गिअरिंग. ते आखूड केलंय. चाकापर्यंत पोचणारा जोर म्हणजे इंजिनाचा टॉर्क गुणिले गिअरचं प्रमाण. इंजिनाने एकच न्यूटन मीटर जास्त दिला, तरी गुणक वाढवला की चाकाला जास्तच मिळतं. माहितीच्या तक्त्यात टॉर्क छापतात तो क्रँकचा, आणि मी वजाबाकी केली होती ती त्याच आकड्यांची. मागच्या चाकाशी काय घडतं, ते त्या ओळीत कुठं आलेलं नव्हतं.

(दृश्य: जुनी छायाचित्रं. फेअरिंग, म्हणजे इंजिन झाकणारं आवरण, नसलेल्या गाड्या.)

थोडं मागे जाऊ. अशी नेकेड गाडी हा प्रकार कारखान्यांनी ठरवून आणला असं पूर्णपणे म्हणता येत नाही. युरोपात १९८० च्या दशकात स्पोर्ट्स बाइक आपटायच्या, फेअरिंगचे तुकडे व्हायचे. नवं फेअरिंग महाग. मग काही मालक ते काढूनच टाकायचे, खाली झुकलेल्या हँडलच्या जागी सरळ, रुंद हँडल बसवायचे, आणि गाडी पुन्हा रस्त्यावर. इंजिन रेसचं, बसणं माणसासारखं. स्ट्रीटफायटर म्हणायचे त्यांना. ट्रायम्फची स्पीड ट्रिपल आली १९९४ मध्ये, तिला ते दोन गोल डोळे मिळाले १९९७ मध्ये. तिची धाकटी बहीण स्ट्रीट ट्रिपल आली २००७ मध्ये, ६७५ सीसीची. ७६५ झाली ती २०१७ मध्ये.

२०१९ मध्ये आणखी एक गोष्ट घडली. मोटो-टू या जागतिक शर्यतीत तोवर होंडाची ६०० सीसीची चार सिलिंडरची इंजिनं असायची. त्या हंगामापासून सगळ्या संघांना ट्रायम्फचं ७६५ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन मिळायला लागलं. मोटो-टूने ताशी ३०० किलोमीटरचा टप्पा ओलांडला, तो याच इंजिनावर. शर्यतीत मोसमामागून मोसम अशी इंजिनं पिळली जातात, तेव्हा कुठला भाग आणखी सोसू शकतो आणि कुठला नाही, हे कागदावर मांडावं लागत नाही. ते समोर दिसतं.

२०२३ च्या गाडीत त्या शिकवणीचा वाटा आहे. पिस्टन नवे, कनेक्टिंग रॉड नवे, व्हॉल्व्ह आणि कॅमशाफ्ट नवे, कॅमची उचल वाढवलेली, हवा आत घेणाऱ्या नळ्या आखूड. आणि कॉम्प्रेशन १२.६५ ला एक होतं, ते १३.२५ ला एक केलंय.

कॉम्प्रेशन वाढवणं म्हणजे तेवढ्याच पेट्रोल-हवेला आणखी घट्ट आवळून मग पेटवणं. त्याच थेंबातून जास्त काम निघतं. पण आवळण्यालाही मर्यादा असते. फार आवळलं, तर मिश्रण वेळेआधी, नको तिथं पेटतं आणि पिस्टनवर हातोडे बसतात. म्हणून ज्वलनकक्षाचा आकार, पिस्टनचा माथा, ठिणगीची वेळ, सगळं नव्याने जुळवावं लागतं. ०.६ चा फरक दिसायला लहान आहे. इंजिनाच्या माणसाला विचारा, तो याला लहान म्हणणार नाही.

(दृश्य: डोंगरातला रस्ता. वळणामागून वळण. निवेदन थांबतं, फक्त इंजिन.)

आता ब्रेक. मला खरं बोलायचंय ते याच्याबद्दल.

पुढे ३१० मिलिमीटरच्या दोन डिस्क, त्यांवर ब्रेम्बोचे स्टायलेमा कॅलिपर. लिव्हर बोटांपासून किती दूर हवा तेही ठरवता येतं, आणि तो किती कडक किंवा मऊ लागावा तेही. नवे पॅड बसेपर्यंत मी सबुरीने घेतलं. पॅड बसले, आणि एका उजव्या वळणाआधी मी दोन बोटांनी लिव्हर ओढला.

गाडी थांबेल हे माहीत होतं. तिची वळायची तयारी इतकी असेल, हे मला माहीत नव्हतं.

जरा खोलात जाऊ या. पुढचं चाक धरणारा फोर्क उभ्या रेषेपासून जितका मागे कललेला असतो, त्याला रेक म्हणतात. जुन्या गाडीत तो २४ अंशांच्या जवळ होता, नवीत २३.२ आहे. ज्या अक्षावर हँडल फिरतं, तो अक्ष तसाच जमिनीपर्यंत वाढवला, तर तो टायर टेकतो त्याच्या थोडा पुढे टेकतो. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. सामान ढकलायच्या ट्रॉलीचं छोटं चाक आठवा. ते आपल्या खुंटीच्या मागे फरफटत येतं, म्हणून आपोआप सरळ होतं. तसंच हे. ट्रेल जास्त, तर गाडी सरळ चालायला राजी आणि वळायला नाखूष. ट्रेल कमी, तर उलट. नवीचा ट्रेल ९६.९ मिलिमीटर आहे.

हे साधलं कसं? गाडीचा मागचा भाग उचलून. सीट वर गेली ती काही अंशी यामुळेच. वजन पुढच्या चाकाकडे सरकलं.

आता ब्रेक मारा. भार पुढे येतो, फोर्क दबतो, गाडी नाकावर झुकते. म्हणजे रेक आणखी कमी, ट्रेल आणखी कमी. त्या एक-दीड सेकंदात गाडीची भूमितीच बदलते. ब्रेक एकदम सोडला, तर फोर्क उसळी घेतो, भूमिती परत सैलावते आणि गाडी वळणाच्या बाहेर जायला बघते. पण बोटं हळूहळू उघडली, झुकण्याबरोबर ब्रेक सोडत गेलो, तर फोर्क दबलेलाच राहतो, पुढचा टायर जमिनीशी चिकटून राहतो आणि गाडी आत, आणखी आत येते.

जुन्या गाडीवरही हे करता यायचं. पण तिथं मला ते ठरवून करावं लागायचं, श्वास रोखून. इथं ते हाताखाली आपोआप घडलं. १८८ किलोचं हलकं वजन इथं उपयोगी पडतं. दिशा बदलायला सांगितली की ती बदलते, वाद घालत नाही. एक वळण संपून दुसरं उलट्या बाजूला सुरू होतं, तिथं रुंद हँडलवर नुसता तळहाताचा दाब पुरतो.

आणि म्हणूनच मला वाटतं, या गाडीतली सगळ्यात मोठी सुधारणा ब्रेकच्या लिव्हरपासून थ्रॉटल उघडेपर्यंतच्या त्या दोन-तीन सेकंदांत आहे. ती हॉर्सपॉवरमध्ये मोजायला गेलात, तर सापडणार नाही.

इलेक्ट्रॉनिक्सचं थोडक्यात सांगतो. गाडी किती झुकली आहे हे ओळखणारं यंत्र आता आत आहे. त्यामुळे ब्रेक मारल्यावर चाक अडकू न देणारं एबीएस आणि मागचं चाक घसरू न देणारं ट्रॅक्शन कंट्रोल झुकावाचा विचार करतात. हे असावंच. ओल्या रस्त्यावर, वळणात, समोर अचानक काही आलं, तर माणसाचा हात घाबरतो आणि लिव्हर आवळतो. त्या चुकीतून वाचवणारं काही असेल, तर त्याचं मोल मी आकड्यांत करणार नाही. क्लच न दाबता गिअर बदलू देणारा क्विकशिफ्टर वर-खाली दोन्ही बाजूंना चालतो, मधल्या रेव्हमध्ये सुरेख बसतो.

वाऱ्याचं सांगायला हवं. काच नाही, फेअरिंग नाही. हवेचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी ६० ला जो हात छातीवर ठेवल्यासारखा वाटतो, तो १२० ला चौपट जोराने ढकलतो. दिवसभर महामार्गच कापायचा असेल, तर मान आणि खांदे बोलायला लागतात. मला हा सौदा मान्य आहे, कारण त्याच वाऱ्यामुळे वेग अंगाला कळतो.

मागचा शॉक ॲब्सॉर्बर ओहलिन्सचा, पुढचा फोर्क शोवाचा, दोन्ही आवडीप्रमाणे लावता येतात. पहिल्या आठवड्यात मी पुढे-मागे दोन-दोन क्लिक सैल केले. माझं वजन, माझे रस्ते. तुमचं गणित वेगळं निघेल, पण स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायची भीती बाळगू नका. कुठली खूण किती फिरवली, ते तेवढं लिहून ठेवा.

(दृश्य: बंद ट्रॅक. सकाळचं ऊन. दस्ताने चढवले जातात.)

रनिंग-इन संपलं. तेल बदललं. ट्रॅक मोकळा होता, आणि मी पहिल्यांदा थ्रॉटल शेवटपर्यंत उघडला.

सगळ्यात जास्त टॉर्क ९,५०० ला येतो. माझी सवय अशी की तिथून पुढे ओढ ओसरायला लागली की गिअर बदलायचा. पाय तयार होता. पण ओढ ओसरलीच नाही. १३० हॉर्सपॉवर १२,००० आरपीएमवर, याचा हिशेब मांडला तर तिथंही जवळजवळ ७६ न्यूटन मीटर शिल्लक निघतात. अडीच हजार आरपीएम वर चढूनही जेमतेम चार कमी. शीळ चढत गेली, पडद्याच्या कडेला दिवे लागले, आणि गाडी ओढतच राहिली. माझ्या घशातून काहीतरी आवाज निघाला. रेकॉर्डिंगमध्ये तो आहे, आम्ही तो काढलेला नाही.

(दृश्य: पिट. इंजिन बंद. तापलेल्या धातूची टिकटिक.)

गाडी स्टँडवर लावली आणि पुढच्या टायरजवळ बसलो. ही माझी जुनी सवय आहे. टायरच्या कडेला जो भाग जमिनीला लागलेलाच नसतो, तो कोरा राहतो, चकचकीत. आधीच्या गाडीवर, याच ट्रॅकवर, पुढच्या टायरला दोन्ही बाजूंनी अंगठ्याएवढी पट्टी कोरी राहायची. कितीही प्रयत्न केला तरी.

आज अंगठा ठेवून पाहिला. मावला नाही. करंगळी ठेवली.